राळेगाव मार्गे

१

मारेगावच्या आमच्या दवाखान्यात नागोराव ठावरींच्या छातीची पट्टी काढली गेली आणि ती यवतमाळला पोचलीच नाही. ईसीजीला आमच्याकडं सगळे पट्टीच म्हणतात. पट्टी दिसली नाही म्हणून तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायला सांगितलं नाही. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून नागोरावांना गाडीत घालून यवतमाळकडं काढलं, आणि करंजीजवळ रस्ता खोदून ठेवला होता तिथं गाडी अडकलेली असताना ते गेले. पन्नाशीच्या आतला माणूस, त्याच दिवशी सकाळी स्वतःच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होता.

तेरवी होऊन गेल्यावर ट्रस्टचे व्यवस्थापक नंदकिशोरजी यांनी मला घरी बोलावलं. त्यांनी नवं घर बांधलंय. दाराला पॉलिशचा वास अजून येत होता. मी आत शिरत असतानाच त्यांनी दारावर बोटं वाजवून दाखवली आणि म्हणाले, "असली साग आहे, सुहासिनीताई. आता असा मिळत नाही." माणूस मेल्याच्या चौकशीला बोलावलेल्या बाईला कुणी आधी दार दाखवतं का? पण काही लोकांना कशाचं काही नसतं.

मी ट्रस्टच्या तक्रार समितीवर आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, घरी रिकामी, आणि समितीवर एक बाई लागते म्हणून घेतलेली. मी फारसं बोलत नाही असाही त्यांचा समज होता.

"अभिषेकनं सगळं तपासलंय," नंदकिशोरजी म्हणाले. अभिषेक म्हणजे ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांचं नेटवर्क सांभाळणारा इंजिनिअर. "लाइन ठीक होती. मारेगावच्या नर्सनं पट्टी पाठवलीच नाही. सोमवारी तिला काढून टाकायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. तुम्ही फक्त चौकशी झाली म्हणा."

"चौकशी केल्यावर म्हणते," मी म्हणाले.

"कायले एवढ्या उन्हात मारेगावले जाता?" त्यांना मी जाणं आवडलं नाही हे स्पष्ट दिसलं.

मी स्टँडवर मारेगावच्या गाडीची वाट बघत होते तेव्हा त्या नर्सचाच फोन आला. प्रेरणा आवारी तिचं नाव. मी येतेय हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. रडत नव्हती. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

"ताई, म्या तीनदा पाठवली," ती म्हणाली. "तीनही खेपेस मशीनवर 'गेली' असं आलं. गेली त मंग कुठं गेली, एवढंच मले कोनीतरी सांगा."

२

मारेगावच्या दवाखान्यात बाकं रिकामी होती. बाहेरगावचा एक म्हातारा सोडला तर कुणी नाही. गावातल्या बाया लेकरांना लस द्यायलासुद्धा आता वणीला नेतात, असं प्रेरणानंच सांगितलं.

त्या दुपारचं तिनं नीट सांगितलं. नागोराव आले ते घामानं भिजलेले, छाती धरून. तिनं त्यांचं नाव, वय आणि बीपी संगणकात भरलं, पट्टी काढली, पाठवली. आमच्या मशीनमधून कागद निघत नाही, पडद्यावरच दिसतं. मग तिनं यवतमाळला डॉक्टर मितालींना फोन लावला. त्या म्हणाल्या, पट्टी आली नाही, पुन्हा पाठव. तिनं पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.

"मोबाइलवर फोटो नाही का पाठवायचा?" मी विचारलं.

"इंटरनेट नोतं ना, ताई. करंजीकडं रस्ता खोदताना केबल तुटली, तवा गावातल्या सगळ्याईचं मोबाइलचं नेट गेलतं. बोलनं तेवढं होत होतं. दवाखान्याची लाइन आपोआप दुसरीकून जाते, राळेगावकून, हे आमाले शिकवलं हाय. म्हनून मी बिनघोर होती."

"इंजेक्शन?"

"माह्या हातात होतं." तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "मॅडमनं सांगतल्याबिगर देता येत नाही. नियम हाय तसा. दिलं असतं आन रगत वाह्यलं असतं त?"

पट्टी मशीनच्या आत अजून होती. म्हणजे ती काढली गेली होती, यात वाद नव्हता. पण पाठवली की नाही याची खूण ते मशीन ठेवत नाही. पोरीजवळ स्वतःच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. नागोरावांची बायको विमलताई. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच माझ्याशी बोलली.

"तुमी यवतमाळच्या ना? मंग लिहून घ्या. हिनंच मारलं माह्या मानसाले. फोनवर बोलत बसली, सुई हातात धरून. तेरवीले आलती, म्या दारातून वापस केली. साऱ्या गावाले सांगतलं म्या, घरोघरी जाऊन. एक घर सोडलं नाही."

प्रेरणा खाली मान घालून उभी होती. विमलताई गेल्या. त्या बाईला काय म्हणणार? तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

मी निघाले तेव्हा प्रेरणा पायरीपर्यंत आली. "ताई, एक सांगायचं राह्यलं," ती म्हणाली. "त्याईचं नाव पोचलं, वय पोचलं, बीपी पोचला. डॉक्टर मॅडम फोनवर मले वाचून दाखवत होत्या. त्याच टायमाले, त्याच लाइनवरून. पट्टीच तेवढी नाही पोचली."

३

डॉक्टर मिताली तरुण आहेत. माझ्यासमोर बसल्या तेव्हा आधी बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"हो, नाव आलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला वाटलं लाइन चालू आहे आणि ही मुलगीच काहीतरी चुकतेय. मी तिच्यावर ओरडले. ती सांगत होती, मॅडम, रेघ टेकडीसारखी वर गेलीय. पण नुसत्या सांगण्यावर ते इंजेक्शन देता येत नाही. गाठ विरघळवणारं औषध आहे. दुसरंच काही निघालं तर माणूस रक्तस्रावानं जातो." मग हळूच म्हणाल्या, "टेकडीसारखी, हे बरोबर होतं. नंतर मशीनमधली पट्टी पाहिली मी."

"पट्टी इथं येऊन तुमच्याकडून बघायची राहिली असेल, असं होऊ शकतं का?"

त्यांना राग आला नाही. "मी पडद्यासमोरून उठले नाही. पण हे खरं मानायला तुमच्याकडं तरी काय आहे?"

खरंच काही नव्हतं. पट्टी यवतमाळला पोचून डॉक्टरांनी पाहिली नाही, की मारेगावहून निघालीच नाही, की वाटेत गेली? घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते कळेना.

अभिषेक खालच्या मजल्यावर बसतो. नीटनेटका मुलगा, अदबीनं बोलणारा. मला म्हातारीला कळावं म्हणून त्यानं पाटीवर चित्र काढलं. मारेगाव, राळेगाव, यवतमाळ. मारेगावहून यवतमाळला करंजीवरून केबल. राळेगावहून यवतमाळला छपरावरच्या तबकड्यांमधून, हवेतून. आणि मारेगाव-राळेगाव यांना जोडणारी तिसरी लाइन. प्रत्येक ठिकाणी एक राउटर.

"जे पाठवाल ते लहान लहान तुकड्यांत जातं, मॅडम, आणि राउटरला सगळी वाट माहीत नसते. आलेल्या तुकड्यावरचा पत्ता बघायचा आणि पुढच्या दाराशी द्यायचा, एवढंच त्याचं काम."

हे मला लगेच कळलं. मारेगावच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत उमरखेडची गाडी विचारली तर तो म्हणतो, यवतमाळच्या गाडीत बसा, पुढं तिथं विचारा. उमरखेडची काळजी त्याची नसते. आमच्या ट्रंक एक्सचेंजलाही असंच चालायचं, एक वाट बंद पडली की दुसऱ्या गावामार्गे कॉल लावायचा.

"दोन सूचना एकमेकींच्या आड आल्या तर?" मी विचारलं. "एक म्हणते सगळं यवतमाळ या वाटेनं, दुसरी म्हणते यवतमाळातलं अमकं एक घर त्या वाटेनं?"

त्यानं माझ्याकडं जरा नव्यानं पाहिलं. "जी जास्त नेमकी, ती चालते. नेहमीच."

"आणि वाट चुकलेला तुकडा?"

"प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो. दर राउटरला तो एकानं कमी होतो. शून्यावर आला की राउटर त्याला टाकून देतो. नाहीतर चुकलेले तुकडे कायमचे फिरत बसले असते."

कुणाला कळवत नाही का, असं मी विचारलं. "मशीनला नाही कळत," तो म्हणाला. "मशीननं पहिल्या राउटरच्या हाती दिलं की ते 'गेली' म्हणून मोकळं."

नागोराव गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाचणी घेतली होती. केबल तोवर जोडून झाली होती, ती मुद्दाम बंद ठेवून मारेगावहून एक पट्टी पाठवली. ती राळेगावमार्गे क्षणात आली. चाचणीआधी त्यानं सगळे राउटर बंद करून पुन्हा चालू केले होते, म्हणजे मागचं काही लपलेलं राहू नये. तसं केल्यानं राउटरच्या आतली मागची आठवणही पुसली जाते, हे तो ओघात बोलून गेला.

चाचणी पास झाली होती आणि त्यामुळं प्रेरणा नापास. पण मला त्या पोरीचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं. ती खरी असेल तर पट्टी मारेगावहून निघाली होती, आणि वाटेत एकच गाव लागत होतं.

४

राळेगावचा आमचा दवाखाना गावाच्या टोकाला आहे. मी पोचले तेव्हा कुलूप होतं. तंत्रज्ञ ऋतिक जेवायला गेलेला. फाटकाशी एक म्हातारी भाजलेल्या शेंगा विकत बसली होती, डोक्यावर फाटकी छत्री बांबूला बांधून. तिचं नाव भुरीबाई. जवळच्या तांड्यावरची. मी शेंगा घेतल्या आणि तिच्याजवळच टेकले.

"सावलीत बसा म्हनलं असतं बाई, पन सावलीच नेली," ती म्हणाली.

"कुणी नेली?"

"इथं साग होता, ह्या भितीपाशी. एवढाली पानं. भादव्याची उन्हं कळत नोती. पोळ्याले बैल त्याच्याच खाली बांधले होते, आन पोळा झाला का पाडला. गाडी आनून घेऊन गेले. मायबाप, झाडाले कोनी इचारते का?"

भिंतीजवळ मातीचा ढीग होता आणि त्यावर तुळशीची कुंडी. कुंडी ठेवायची जागा नव्हती ती. पायानं माती सरकवली तर खाली बुंधा होता. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सरकारी परवानगीशिवाय साग तोडणं हा गुन्हा आहे, म्हणून कुणीतरी झाकलाय, एवढंच मनात आलं.

ऋतिक आला. मला बुंध्याजवळ उभी पाहून त्याची पाचावर धारण बसली.

"मॅडम, मी नाही. मले वरून सांगतलं का यवतमाळमंधी कोनाजवळ बोलू नको."

"मी झाडासाठी आले नाही," मी म्हणाले. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्वतः चहा केला. मी त्या दुपारचं विचारलं. दवाखाना त्या दिवशी बंद होता, डॉक्टर रजेवर. हा एकटाच आत पंख्याखाली पडून मोबाइलवर क्रिकेट बघत होता, दवाखान्याच्या वायफायवर.

"मस्त चाललं होतं, आन मंधातच अटकून राह्यलं," तो म्हणाला. "मी उठून पाह्यलं, त राउटरच्या बत्त्या अशा लुकलुकून राह्यल्या होत्या का इचारू नका. मारेगावच्या लाइनच्या. थांबतच नोत्या."

"दवाखाना बंद. मग एवढं कोण काय पाठवत होतं?"

"तेच त ना. मले वाटलं मारेगावले लय काम असन."

"हे अभिषेकला सांगितलं?"

"त्याईनं इचारलंच नाही."

"राउटरमधल्या सूचना तू बदलतोस?"

"नाही जी. त्याचा पासवर्ड, म्हंजे चावी, अभिषेक सरांपाशीच. मले हातबी लावू देत नाही."

मारेगावात एकच माणूस पट्टी पाठवत होता, तीही तीनदा. सात-आठ सेकंदांची एक पट्टी. तेवढ्यानं लाइन तुंबत नाही. गाडीत बसल्यावर मला एकदम आमच्या एक्सचेंजमधली जुनी भानगड आठवली. दोन गावांच्या ऑपरेटर बाया एकच कॉल एकमेकींकडं ढकलत बसल्या होत्या, 'तुमच्याकडून लावा, तुमच्याकडून लावा', आणि तेवढ्या एका कॉलनं सगळ्या तारा अडवल्या होत्या.

पण दोन राउटर एकमेकांकडं का ढकलतील? एकाला तरी कुणीतरी तसं सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

५

दुसऱ्या दिवशी मी अभिषेकच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं.

"राळेगावच्या राउटरमध्ये तुम्ही हातानं लिहिलेली एखादी सूचना होती का? फक्त इथल्या पट्टी घेणाऱ्या मशीनपुरती?"

तो हसला, पण क्षणभर उशिरा. "हो, असते. पावसाळ्यात. सांगतो." आणि त्यानं एखादी गंमत सांगावी तशी सांगितली. राळेगावच्या छपरावरची तबकडी आणि यवतमाळचा टॉवर यांच्या मधोमध आवारातला साग येतो. झाड उघडं असलं की अडचण नाही. पानं भरली, त्यावर पाऊस पडला, की लाइन मधूनमधून तुटते. इतर कामाला चालून जातं, पट्टीला चालत नाही. म्हणून सागाला पानं आली की ऋतिक फोन करतो, आणि अभिषेक इथून राळेगावच्या राउटरला एक ओळ लिहितो, यवतमाळच्या पट्टीच्या मशीनसाठी जे असेल ते मारेगावकडं दे. तिथून ते केबलनं येतं. माघात पानं झडली की ऋतिकचा पुन्हा फोन, आणि ती ओळ काढायची. कित्येक वर्षं असंच चाललंय. पंचांगापेक्षा साग बरा, असं तो म्हणाला.

"यंदा काढली?"

"यंदाही. जानेवारीतच. ऋतिकचा फोन आला होता, सगळी पानं पडली म्हणून."

समोरचा माणूस तरुण होता, चांगल्या घरातला होता, आणि पुढचं वाक्य बोलले की त्याचं सगळं संपणार होतं. वाईट वाटलं. पण मारेगावची रिकामी बाकंही डोळ्यांपुढं होती.

"अभिषेक, तो साग पोळ्यानंतर पाडलाय. भरल्या पानांनिशी. जानेवारीत पडायला पानंच नव्हती."

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"ऋतिकनं फोन केलाच नाही," मी म्हणाले. "झाडच गेलं, आता सांगायचं काय, असं त्याला वाटलं. आणि तोंड बंद ठेवायला सांगितलेलं. तुम्ही फोनची वाट बघत राहिलात. तुमच्या मते साग अजून भरलेलाच होता. ओळ तशीच राहिली. केबल चालू होती तोवर राळेगावची पट्टी मारेगाववरून गुमान येत होती, कुणाला पत्ता लागला नाही. मग केबल तुटली. मारेगावचा राउटर शहाण्यासारखा म्हणाला, आता राळेगावमार्गे. नागोरावांचं नाव तिथून यवतमाळला आलं, कारण नावासाठी काही वेगळी सूचना नव्हती. पट्टी आली तेव्हा राळेगावच्या राउटरनं तुमची ओळ वाचली. यवतमाळच्या पट्टीच्या मशीनसाठी असेल तर मारेगावला. त्यानं परत पाठवली. मारेगाव म्हणालं राळेगावला. तुम्हीच सांगितलंत ना, नेमकी सूचना चालते."

त्यानं पाटीवरच्या त्या तीन गावांच्या चित्राकडं पाहिलं.

"एकेक तुकडा त्या दोन गावांमध्ये हेलपाटे घालत राहिला, आकडा संपेपर्यंत. तुकडा एकच, पण शंभरदा गेला-आला की लाइनला तो शंभरच. आणि प्रेरणानं तीनदा पाठवली, म्हणजे असे तुकडे तिप्पट. म्हणून ऋतिकच्या बत्त्या थांबत नव्हत्या. पट्टी मितालीबाईंपर्यंत आली असती तर त्या बत्त्या तशा लुकलुकल्याच नसत्या. आणि प्रेरणानं पाठवली नसती तरीही नाही."

"दुसऱ्या दिवशी चाचणीत ती बरोबर आली," तो कसाबसा म्हणाला.

"कारण ओळ काढलेली होती. काढायची चावी एकट्या तुमच्याकडं. आणि जानेवारीत काढली म्हणून तुम्ही मला आत्ता खोटं सांगितलंत."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "संध्याकाळी लाइन बघायला बसलो तेव्हा ती दिसली," तो म्हणाला. "एकच ओळ, मॅडम. काढली तेव्हा पेशंट गेल्याचं मला माहीत नव्हतं. मग कळलं. मग सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं नाही. सकाळी उठून तुम्ही चाचणी घेतलीत आणि त्या पोरीला खोटं पाडलंत."



६

नंदकिशोरजींकडं मी त्याच दिवशी गेले. या वेळी दारावर बोटं मी वाजवली.

"राळेगावचा ना?" मी विचारलं.

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. झाड पडायलाच आलं होतं, उलट लाइन सुधारली, एका झाडापायी ट्रस्टची अब्रू घालवता का. शेवटी समजुतीचं बोलू लागले. "हे पाहा ताई, कोनाचंच नाव नको. केबलची गडबड म्हणू. पोरीले उमरखेडच्या दवाखान्यात पाठवून देऊ, नोकरी शाबूत राहील. अभिषेकचंही घर राहील. मेलेला मानूस त काही वापस येत नाही."

"मारेगावात तिच्यामागं काय म्हणतील?"

"लोक विसरतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि फाशीऐवजी बदली दिली म्हणून वर उपकार. माझा आवाज चढला, हे मान्य करते. सोमवारी समितीपुढं मी सगळं सांगितलं. ऋतिक आणि डॉक्टर मिताली खरं बोलले. अभिषेक स्वतः उभा राहून बोलला, त्याला मला विचारावंही लागलं नाही. पोलिसांत तक्रार गेली ती वेगळ्या नावांविरुद्ध गेली. प्रेरणा कामावर राहिली.

बैठक संपल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं आभार मानेल. "ताई, हे तुमी मीटिंगमंधी सांगतलं," ती म्हणाली. "विमलकाकूले कोन सांगन?"

७

आम्ही दोघी विमलताईंच्या घरी गेलो. त्यांनी मला आत घेतलं, प्रेरणाला ओट्यावरच थांबायला लावलं. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. पट्टी निघाली होती. दोन गावांच्या मध्ये फिरत राहिली. कुणी पाठवली नाही म्हणून नव्हे, एकानं झाड तोडलं, दुसऱ्यानं सांगितलं नाही, तिसऱ्यानं लपवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "पोचली असती त वाचले असते?"

मी हे मितालीबाईंना विचारून आले होते. खोटं बोलायचा मोह झाला. नसतेच वाचले, म्हटलं असतं तर त्या बाईला रात्री झोप तरी लागली असती. पण मग प्रेरणाच्या खरेपणाला काय अर्थ राहिला असता?

"बहुतेक वाचले असते," मी म्हणाले.

विमलताई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत, मीच उठून भांडं खाली घेतलं. मग बाहेर बघून म्हणाल्या, "तीनदा पाठवली म्हनते ना ते?"

"तीनदा."

"आन म्या घरोघरी सांगतलं. एक घर सोडलं नाही." त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या. ओट्यावर प्रेरणा उभी होती. तिच्याशी काही बोलल्या नाहीत, नुसतं मनगट धरलं आणि चालू लागल्या. मी मागून गेले.

पहिल्या घरची बाई धान्य निवडत होती. विमलताईंनी दारातून सांगितलं, "म्या चुकीचं बोलली होती. हिचा दोष नोता." ती बाई ऐकत राहिली, बरं म्हणाली. दुसऱ्या घरी बसायला पाट टाकला. तिसऱ्या घराशी पोचायच्या आतच दारात तिघी-चौघी जमून आमच्याकडं बघत होत्या. आम्ही चालत येत होतो, बातमी आमच्या आधी येऊन बसली होती, आणि ती आमची नव्हती.

"काहून वो विमले," त्यातली एक म्हणाली, "यवतमाळवाल्याईनं किती देल्ले तुले, आता असं फिरून सांगासाठी?"

प्रेरणानं मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "राहू द्या काकू," ती म्हणाली. "चला घरी."

विमलताईंनी हात सोडला नाही. त्या बाईला त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, पहिल्या घरी सांगितलं होतं तेच, शब्द न बदलता. ती दार लावून आत गेली. विमलताई बंद दाराकडं पाठ करून वळल्या.

मग म्हणाल्या, "चाल. पुढचं घर."